ग्रास कटरला क्लच वायर? मामा, थांबा जरा

'दोरीचा खर्च कायमचा बंद' असा एक व्हिडिओ पाऊस लागल्यापासून निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. ग्रास कटरला नायलॉन दोरीऐवजी गाडीची क्लच वायर लावा, दोरीवरचं गार्ड (संरक्षक कव्हर) काढून टाका, पेट्रोलमध्ये ऑइल जरा सढळ हातानं घाला, दोरी वापरायचीच तर पाण्यात भिजवा, आणि मशीन घ्यायचं तर ५२ सीसीचंच, असे त्यात पाच सल्ले. खानापूरच्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "वायर आणून ठेवलीय, रविवारी बसवतो." आता गप्प कसं बसायचं?

वायरचं आधी बघू. हेड, म्हणजे दोरी बसवलेलं फिरतं टोक, मिनिटाला सात हजार फेरे घेतं आणि कापायच्या वर्तुळाचा व्यास ४० सेंटिमीटर आहे असं धरा. दोरीच्या टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. गणित सोपं आहे, व्हिडिओवाल्यानं केलं नाही इतकंच. नायलॉन फरशीला घासलं की झिजतं, तुटलं तरी तुकडा हलका असतो. झिजणं हेच त्याचं काम. क्लच वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ. हेडच्या भोकापाशी ती सतत वाकते, एकेक तार तुटते आणि तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. तो पायात घुसेल, डोळ्यात घुसेल, नाहीतर कंपाउंडपलीकडं खेळणाऱ्या पोराला लागेल. कोणी म्हणेल, लोखंडी पातं चालतं की! चालतं, कारण ते अखंड असतं आणि त्याच कामासाठी बनवलेलं असतं. घाणेरी तोडायची तर खुशाल पातं लावा.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये साखळीच्या जातीच्या धातूच्या हेडमुळं एक जीव गेला. त्यानंतर युरोपीय आयोगानं जानेवारी २०१२ मध्ये हातात धरायच्या ब्रश कटरसाठीची (तेही याच जातीचं मशीन) असली हेड बाजारात आणण्यावरच बंदी घालायला लावली. ती तर कारखान्यात बनलेली होती. मामांची वायर गॅरेजमधली.

गार्ड काढायचं कारण काय, तर दोरी लांब सोडता येते. अहो, गार्डखालची ती छोटी पट्टी दोरी मापात कापण्यासाठीच असते. दोरी लांबली की इंजिनवर लोड येतो, क्लच घसरतो, तापतो.

ऑइल किती, तर मशीनच्या कंपनीनं सांगितलंय तेवढंच. टू-स्ट्रोकला २५:१ म्हटलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २०. सढळ हातानं घातलं की प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बननं तुंबतो. बहुतेक फोर-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलात ऑइल मिसळायचंच नाही.

दोरी भिजवायचं मात्र खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. नायलॉन पाणी शोषतं आणि चिवट होतं. उन्हाळाभर पत्र्याखाली पडलेली कडक दोरी रात्रभर बादलीत ठेवा, कमी तुटेल.

राहिलं ५२ सीसी. बांधावरच्या दांडग्या गवताला ते ठीक आहे. बेळगावात टिळकवाडीतल्या घरापुढच्या लॉनची कड कापायला इलेक्ट्रिक किंवा बॅटरीचं हलकं मशीन पुरतं, दोरीही बारीक चालते. कड कापताना हेड झाडाच्या बुंध्याला लावू नका. कोवळी साल सगळीकडून सोलली गेली की झाड वाळतं. आणि हंगाम संपला की पेट्रोलच्या मशीनची टाकी रिकामी करा, नाहीतर पुढच्या जूनला कार्बोरेटर साफ करत बसाल.