तीन टिचक्या, तीनशे रुपये

कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून दुरुस्तीला नेला, तर दुकानातल्या पोराने कॅबिनेट उघडलंच नाही. कलिंगड बघावं तसं तीनदा टिचकावलं आणि म्हणाला, "काका, सीपीयू जुना झालाय. नवीनच घ्या." वर चेकिंगचे ३०० रुपये. टिचकीला १०० पडले. 'काका'चे वेगळे लावले नाहीत, हीच मेहरबानी.

अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं हे आणखी एक. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला अर्ध्या बिस्किटाएवढा तुकडा. घराला देवघर म्हणण्यातला प्रकार.

बाकड्यावर एक गृहस्थ मांडीवर प्रिंटर घेऊन बसले होते, लस टोचायला आणलेल्या नातवाला घ्यावं तसे. त्यांचं कार्ट्रिज आत भरायला गेलं होतं आणि वेळ भरपूर होता.

"रिफ्रेश मारता का?"

"कशाला?"

"सकाळी चालू केला की. राइट क्लिक, रिफ्रेश. मी अकरा वेळा मारतो."

"अकराच का?"

"पाचावर भागत नाही हो आता. आधी भागायचं."

रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं फक्त नव्याने उमटतात, मेमरीला त्याचा पत्ताही नसतो, असं मी सांगून बघितलं.

"म्हणजे ताजी होतात ना?" त्यांनी मलाच खिंडीत गाठलं. "किती जीबी आहे तुमचा?"

"रॅम ४, हार्डडिस्क ५००."

"पाचशे असून हळू?" प्रिंटर दुसऱ्या मांडीवर गेला. "आमचे जावई हिंजवडीला आहेत. त्यांनी दोन जीबीचं ग्राफिक कार्ड टाकून दिलंय. पळतो नुसता."

"काय करता त्यावर?"

"पंचांग बघतो."

गेम आणि चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक कार्डाने तिथी लवकर लागत नाही, हे ओठांवर आलं होतं. पण प्रिंटरसह माणूस उठला असता तर मला बसायला जागा मिळाली असती, एवढाच विचार करून गप्प बसलो. ते उठले नाहीत.

खरं तर निदान दोन मिनिटांचं होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. माझ्याकडे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड. सुरू झाल्यावरचे आकडे असे: प्रोसेसर १२ टक्के, डिस्क १०० टक्के, मेमरी ४ जीबीपैकी ३.६. ज्याला पोराने म्हातारा ठरवला तो प्रोसेसर माशा मारत बसला होता. जीव जात होता हार्डडिस्कचा.

तिचीही चूक नाही. तिच्या आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. त्यात वाचणारं हेड इकडून तिकडे सरकवायचं. विखुरलेल्या फाइली मागितल्या तर सेकंदाला ऐंशी-शंभर तुकडे, याहून जास्त काही ती वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना मागतं हजारोंनी. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. तिच्यात सरकवायला काही नसतंच, त्यामुळे तीच मागणी ती चुटकीसरशी उरकते. शिवाय रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली की उरलेला माल विंडोज त्याच बिचाऱ्या डिस्कवर नेऊन टाकतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

म्हणून आधी एसएसडी, मग रॅम, आणि तिथेच थांबायचं. एसएसडी अडीच इंची, साटाची, म्हणजे हार्डडिस्कसारखी वायरीने जोडायची, घ्यायची. थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमईची पट्टी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, एवढ्या जुन्या बोर्डावर सहसा तिला जागाच नसते. एच-८१ ला चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे आणि दोन ३ चे. एसएसडी ६ वाल्यात. बसवायला फ्रेम नसेल तर दुहेरी टेप पुरते, वजनच काय तिचं!

जुनी डिस्क एसएसडीवर जशीच्या तशी उतरवायची, म्हणजे क्लोन करायची, असेल तर आधी डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, बघा. तिथे 'रॉ व्हॅल्यू'त शून्याशिवाय काही दिसलं तर क्लोनिंग मध्येच अडकू शकतं. पहिल्यांदा डिस्कवरचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, मग बाकीचे उद्योग. आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची वायर काढा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या की मशीन खुशाल जुन्यावरूनच उठतं आणि आपण नव्या एसएसडीला शिव्या घालतो.

रॅम डीडीआर-थ्री जातीची, १६०० वेगाची, डेस्कटॉपची. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर दाबू नये, हे लिहावं लागतंय कारण लोक दाबतात. बोर्डावर रॅमचा रिकामा स्लॉट आहे का हे टास्क मॅनेजरच सांगतो. माझ्याकडे दोनातला एक रिकामा, म्हणजे आणखी ४ जीबी लावून भागलं. पण विंडोज ३२ बिटचं असेल तर ही रॅम देवाला वाहिल्यासारखीच. ४ च्या पुढे ते बघतच नाही.

प्रोसेसरवरचा पंखा काढलाच तर दोघांच्या मधली, उष्णता पंख्याकडे पोचवणारी थर्मल पेस्ट बदलावी. तुरीच्या दाण्याएवढी, बोटाने फासू नये. पंखा बोर्डात अडकवणाऱ्या चार पिनांपैकी एक नीट बसली नाही तर तापमान चढतं, मशीन स्वतःच वेग कमी करतं आणि पुन्हा ग्राफिक कार्डाचे सल्ले सुरू.

एवढं करून राग कशाचा, तर पोराचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ठणठणीत पळणाऱ्या मशीनला दारातूनच परत. मी विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकून मोकळा होईन, पण पंचांगवाल्यांनी काय करायचं? पोराने हे सांगितलं असतं तर ३०० हसत दिले असते. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

पावती मागितली, तर म्हणाला, "काका, आमचा प्रिंटर बिघडलाय."

बाकड्यावरच्या गृहस्थांनी आपला प्रिंटर दोन्ही हातांनी पोटाशी धरला.