खुलासा : बाबासाहेब ‘कधीच निवडून आले नाहीत’ हे खोटे

डॉ. आंबेडकर एकही निवडणूक जिंकले नाहीत, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 1937 मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. 1946 ला बंगालमधून घटना समितीवर गेले. फाळणीत ती जागा गेल्यावर 1947 मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले.

पराभव खरे आहेत, तेही दोन. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे दोन खासदार निवडणारा होता, प्रत्येक मतदाराला दोन मते; म्हणून तिथले मतांचे आकडे आजच्यासारखे वाचू नयेत. दुसरा पराभव 1954 चा, भंडारा पोटनिवडणुकीतला. मात्र 1952 पासून निधनापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते, हे या मजकुरातून नेमके गाळले जाते.