चौथा इंटर्न

भाचा निवासी डॉक्टर आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलताच त्याला झोप लागली. फोन हातातून गादीवर पडला, मला फक्त छताचा पंखा दिसत राहिला आणि इकडे अमेरिकेत मी त्याचा श्वास ऐकत बसले. सलग 36 तासांची ड्यूटी संपवून तो नुकताच खोलीवर आला होता.

आपल्याकडे या तासांवरचा वाद जुना आहे. 1992 च्या केंद्राच्या निर्देशात सलग 12 आणि आठवड्याला 48 तास म्हटलं होतं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं आठवड्याला 74 तासांची शिफारस केली. मग 48 की 74, यावर भांडण. त्यात ज्येष्ठांचं ठरलेलं वाक्य: आम्हीही केलं, त्यातूनच घडलो. हे वाक्य मी इथेही ऐकलंय. इथली मर्यादा 2003 पासून आठवड्याला 80 तासांची आहे, म्हणजे अमेरिका काही आदर्श नाही.

घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. इथे ड्यूटीचे तास औषधासारखे तपासले गेले. संशोधक डॉक्टर क्रिस्टोफर लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अतिदक्षता विभागात दोन वेळापत्रकांची तुलना केली. लांब पाळ्यांच्या जुन्या पद्धतीत इंटर्नकडून, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांकडून, गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त झाल्या. पाळ्या लहान करा, प्रश्न मिटला, असंच कुणालाही वाटेल. पण 2020 मध्ये लँड्रिगन यांच्याच गटानं बालरुग्णांच्या सहा अतिदक्षता विभागांत तशीच चाचणी घेतली आणि निकाल उलटा आला: लहान पाळ्यांमध्ये चुका वाढल्या. कारण आकड्यांतच होतं. लहान पाळ्यांत एका डॉक्टरमागे सरासरी 8.8 रुग्ण येत होते, जुन्या पद्धतीत 6.7. हा फरक हिशेबात धरल्यावर चुकांमधला फरक उरला नाही. आणि 2004 ला? तेव्हा नव्या वेळापत्रकात तीन इंटर्नऐवजी चार होते.

आपला सगळा वाद तासांच्या आकड्यावर चालतो, या चौथ्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो. पदं न भरता तास कमी केले, तर तेवढेच रुग्ण कमी वेळात उरकावे लागतात; त्यातून ना रुग्णाचं भलं होतं, ना डॉक्टरचं.

आपल्याला चाचण्या जमत नाहीत असंही नाही. 2020 मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माचा बोलबाला असताना आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर तो तपासला, फायदा दिसला नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी तो कोविडच्या उपचारांतून वगळला गेला. साथ चालू असताना हे होऊ शकतं, तर काही वैद्यकीय महाविद्यालयांत एका बाजूला फक्त तास कमी करून आणि दुसऱ्या बाजूला सोबत माणसंही वाढवून वर्षभर का पाहू नये? चुका मोजा, आणि डॉक्टरांची झोप नि मनःस्थितीही मोजा. कृतिदलाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलंय. यापुढे आणखी कशाची वाट पाहायची?

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला, आधी माफी मागितली. मी विचारलं, किती तास झाले तर तुला बरं वाटेल? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आत्या, तासांचं नंतर बघू. रात्री वॉर्डात माझ्याबरोबर अजून एक जण पाहिजे.’’