आमका डुकर वाटलो

शिकारीदादांनो, हंगाम जोरात आहे. आंब्याचा नव्हे, तुमचा. अमावास्या जवळ आली की आमच्या वाडीमागच्या सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, रात्री अकरानंतर मोटारसायकली इंजिन बंद करून उतारानं सोडल्या जातात, आणि बागेत झोपणाऱ्या माझ्यासारख्याला कळतं की आज कोणीतरी 'शेतीसंरक्षणा'ला निघालंय. ज्यांच्या शेतीचं संरक्षण व्हायचं त्यांना आधी विचारायची पद्धत नाही. असो. गेल्या महिन्यात तुमच्या कामाची पद्धत मला फार जवळून बघायला मिळाली. चाळीसेक पावलांवरून. त्या आधारावर नव्या पोरांसाठी चार सूचना लिहून ठेवतो. जुन्यांना गरज नाही, त्यांच्या त्या तोंडपाठ आहेत.

निघण्याआधी थोडी घ्यावी. न घेता गेलात तर समोर काय आहे ते दिसण्याचा धोका असतो.

बंदूक शक्यतो स्वतःच्या नावावर नको. आजोबांच्या नावावर परवाना असावा, आजोबांना जाऊन दहा-बारा वर्षं झालेली असावीत आणि बंदूक माळ्यावर, जुन्या चटयांच्या गुंडाळीत असावी. परवाना माणसाला मिळतो, घराण्याला नाही; धनी वारला की बंदूक जमा करून वारसानं स्वतःसाठी अर्ज करायचा असतो, असं सांगणारा एखादा काका प्रत्येक वाडीत असतोच. त्याला म्हणायचं, "काका, तुमी आमका कायदे शिकवू नकात."

आमच्या वाडीतला तो काका मी. माझ्याकडे ठासणीची बंदूक आहे, नळीतून दारू ठासून भरायची, वडिलांच्या मागे रीतसर नावावर करून घेतलेली. नूतनीकरणाला किती चपला झिजतात ते विचारू नका, ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत आहे. शिवाय निवडणूक लागली की ती जमा. मुंबई उच्च न्यायालयानं 2009 मध्ये सांगितलं की सरसकट सगळ्यांच्या बंदुका काढून घेऊ नका, छाननी समितीनं एकेकाचं बघून ठरवा. हा निकाल डुकरांना कोणी वाचून दाखवलेला नाही, आणि इतरांनीही वाचलाय अशी शंका घ्यायला जागा नाही. 2024 मध्ये मी दोनदा जमा केली. विधानसभेची आचारसंहिता लागली ती ऐन ऑक्टोबरात. भात पिवळं होऊन उभं, बंदूक कुलुपात, आणि मी रात्रभर मळ्यात तेलाचा रिकामा डबा बडवतोय. गंमत म्हणजे त्या दिवसांतही सड्यावरून बार ऐकू येतच होते. परवान्याच्या बंदुका तर माझ्यासारख्यांनी नेऊन दिलेल्या. मग हे आवाज कसले? फटाके असतील. दिवाळी होती.

मोटारसायकलवर तिघांनी बसावं, बंदूक भरलेली असावी आणि नळी मधल्याच्या हनुवटीखाली यावी. रस्त्यात खड्डे आहेतच.

आता गडग्याबद्दल, म्हणजे बागेभोवतीच्या दगडी कुंपणाबद्दल. दुसऱ्याच्या बागेत शिरताना बेड्यातून जाऊ नये. बेडं म्हणजे मालकानं येण्याजाण्यासाठी ठेवलेली वाट, तिथून चोर जात नाहीत आणि तुम्हीही जाऊ नये. गडग्यावरूनच चढावं, वरचे चार दगड खाली लोटावेत म्हणजे मागच्यांना सोपं जातं. दुसऱ्या दिवशी त्या खिंडीतून गावची गुरं आत येतात आणि नव्या लावलेल्या कलमांचे शेंडे खातात. त्यात तुमचा काय दोष, गुरांना वळण नाही. गडगा पुन्हा रचायला येणारा माणूस दिवसाची हजेरी, सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण घेतो. हा खर्च मी 'शेतीसंरक्षण' या खात्यात लिहितो.

चढताना बंदूक अर्थातच भरलेली असावी, घोडा चढवलेला असल्यास उत्तम, आणि वर चढलेल्यानं ती खालच्याकडून नळीला धरून ओढून घ्यावी. माझे वडील याबाबतीत अगदी मागासलेले. त्यांच्याबरोबर रानात जायचो तेव्हा त्यांच्या मित्राची दुनळी असायची. गडगा आला की दोघं थांबायचे. बंदूक मोडायची, म्हणजे मधून उघडायची, काडतुसं काढून खिशात, मोडलेली बंदूक गडग्यावर आडवी ठेवायची, हात रिकामे करून पलीकडे उतरायचं, मग ती उचलायची. प्रत्येक गडग्याला. एका रात्रीत सात गडगे लागले तर सात वेळा. मी एकदा विचारलं, डुक्कर पळेल ना तोवर? वडील म्हणाले, पळू दे, त्याला पाय आहेत. अशा लोकांच्या हाती काय शिकार लागणार? त्यांच्या हातून कधी कोणी माणूस लागला नाही, एवढंच.

आता मुख्य विषय, बॅटरी आणि बार. कपाळाला बॅटरी बांधावी, झोत फिरवावा, दोन डोळे चमकले की चाप ओढावा. डोळ्यांच्या मागे काय आहे ते बघत बसू नये. डोळ्यांच्या मागच्या पडवीत, मांगरात म्हणजे बागेतल्या राखणीच्या घरात, रस्त्यावर काय आहे ते तर अजिबात बघू नये. छर्रा चुकला तर तो हवेत विरून जातो अशी श्रद्धा ठेवावी.

त्या रात्री सव्वा वाजता मी मांगरातून बाहेर आलो. सकाळी लवकर फवारणी काढायची होती म्हणून वर झोपलो होतो, आणि साठीनंतर माणूस रात्री सव्वा वाजता बाहेर का येतो ते सांगायला नको. अंगावर तपकिरी घोंगडी. पायाशी आमचा बाळ्या, जात कुत्रा, धंदा झोपणं. खालच्या काजूतून एक झोत फिरत फिरत वर आला आणि माझ्या गुडघ्यापाशी थांबला. मला वाटलं कोणीतरी हाक मारील. बार झाला.

पत्र्यावर मूठभर दगड आपटावेत तसा आवाज. मग काहीच नाही. मग टाकीतून पाणी पडायला लागल्याचा आवाज, बारीक धार, अंगणातल्या शेणावर. मी कधी खाली बसलो होतो मला आठवत नाही. ओरडलो, "अरे माणूस आसा हय!" काजूत कुजबुज झाली, आणि काळोखातून ओळखीचा आवाज आला, "काका, तुमी? आमका डुकर वाटलो." आणि दुसरा, जरा रागानंच, "तुमी बॅटरी लावक व्हयी होती."

माझी बाग. माझा मांगर. माझं दार. आणि बॅटरी मी लावायला हवी होती. बरोबर आहे. यापुढे मी लघवीला जाताना डोक्यावर लाल दिवा लावीन, तोंडानं भोंगा वाजवीन.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं तेव्हा आणखी ज्ञान मिळालं. रात्री उजेडात चमकतात ते डोळे ज्यांच्या बुबुळामागे आरशासारखा एक पडदा असतो त्यांचे. गायीला तो आहे, कुत्र्याला आहे, मांजराला, भेकराला, बिबट्याला आहे. माणसाला नाही, म्हणून मी दिसलो नाही, बाळ्या दिसला. आणि डुकराला? डुकरालाही तो पडदा नाही! म्हणजे, शूरवीरांनो, बॅटरीत लखलखणारे दोन डोळे दिसले तर ते गावातल्या कोणाच्याही गोठ्यातलं काहीही असू शकतं, डुक्कर तेवढं बहुधा नसतं. पिढ्यानपिढ्या शिकारीचा वारसा सांगणाऱ्यांना आपण कोणाच्या डोळ्यांवर बार काढतोय हे माहीत नाही. आणि मांगराच्या दारात, घोंगडीच्या शेजारी, हातभर उंचीवर डुक्कर काय करत उभं राहिलं असतं? आंब्याचा भाव विचारत?

सकाळी काजूखाली काडतूस सापडलं. लाल प्लॅस्टिकची नळी, पितळी बूड, कडेला 'एलजी', म्हणजे मोठ्या छर्र्यांचं काडतूस. एलजीत सहा छर्रे असतात, प्रत्येक वाटाण्याएवढा. मी मोजायला बसलो. तीन पत्र्यातून आरपार. एक टाकीत, खालून दीड वीत. एक दाराजवळच्या हापूसच्या खोडात, साल फोडून आत. पाच. सहावा सापडला नाही. दोन दिवस शोधला.

बाळ्याला लागलं नाही. पण मोटारसायकलचा आवाज आला की तो आता खाटेखाली जातो आणि सकाळपर्यंत बाहेर येत नाही.

कोणी कायद्याचा विषय काढला तर 'आमची परंपरा' हा शब्द वापरावा. फार गुणकारी आहे. आजोबांच्या वेळी शिकार चालायची हे खरंच. पण तिला परवाना लागायचा आणि बंदीचे महिने असायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीनं ती बंद केली. आणि परवाने चालू होते त्या काळातही दिव्याच्या उजेडात मारायला, गाडीवरून मारायला त्याच कायद्यानं मनाई होती. तेव्हा कपाळावरची चार्जिंगची बॅटरी आणि बुडाखालची मोटारसायकल ही नेमकी कोणत्या आजोबांची परंपरा, ते एकदा घरी विचारून या.

डुकरांचा त्रास मला सांगू नका. माझं भात त्यांनी एका रात्रीत लोळवलंय, सुरणाची कुंपणाकडची सगळी ओळ उकरून खाल्लीय, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला किती कागद लागतात ते मला पाठ आहे. मी काही अहिंसेचं व्रत घेतलेला माणूस नाही. पीक नासवणाऱ्या डुकराला मारायची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली मागता येते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी तर राज्य सरकारनं 2015 मध्ये मुद्दाम शासन निर्णय काढला. त्या वाटेनं जायला वेळ लागतो, हेलपाटे होतात, साहेब दौऱ्यावर असतात, सगळं मान्य. त्यासाठी भांडा ना! मी येतो बरोबर, मोर्चा काढा, तहसीलसमोर बसू. पण तिथे दिवसा जावं लागतं आणि मटण मिळत नाही.

वाटे मात्र नीट करावेत. बारवाल्याचा एक, बंदूकवाल्याचा एक, बॅटरीवाल्याचा, आणि ज्याचं तोंड उघडू शकतं त्याच्या घरी न मागता एक. त्याच कायद्याच्या कलम 39 प्रमाणे परवानगीनं मारलेलं असो की चोरून, ते जनावर सरकारी मालमत्ता होतं. म्हणजे तुम्ही वाटता ती सरकारी मालमत्ता. इतकं समान वाटप दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत होत नाही, हे कबूल करायला हवं.

फोटो स्टेटसला टाकावा. जनावराच्या तोंडात झाडाची डहाळी असावी.

फासकीवाल्यांना, म्हणजे तारेचे फास लावणाऱ्यांना, मी आज काही सांगत नाही. त्यांच्या तारेत बिबटे अडकतात तेव्हा वर्तमानपत्रं सांगतातच.

शेवटची सूचना, चुकून माणूस लागला तर. हसू नका, लागतो. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरकडच्या जंगलात गावची माणसं डुकराला म्हणून गेली, बार आपल्याच माणसांवर झाला, माणूस मेला. बरोबरच्यांनी काय केलं? प्रेत झुडपात लपवलं. घरच्यांनी वाट बघितली असेल, जेवण झाकून ठेवलं असेल, आणि ज्यांच्याबरोबर तो घरातून निघाला ती माणसं गावात फिरत होती. यावर मला सूचना सुचत नाही. तुम्हाला सुचत असेल तर लिहा.

खरं सांगायचं तर मला आता सूचना लिहायचा कंटाळा आलाय. काय रे, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? चाप ओढायच्या आधी समोर काय आहे ते नक्की दिसलं पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही, ही बंदुकीची बाराखडी आहे. ती येत नसेल तर बंदूक हातात धरू नका, गलोल घ्या. 'वाटलं' म्हणे! वाटल्यावर बार काढायचा नसतो, दिसल्यावर काढायचा असतो. तुम्हाला वाटलं म्हणून माझी बायको विधवा झाली असती आणि तुम्ही बाराव्याला येऊन पत्रावळी वाढल्या असत्या. निष्काळजीपणानं माणूस मारला तर भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, कलम 106. परक्याच्या जागेत वाईट हेतूनं घुसलं तर तीन महिने, कलम 329. मला ही कलमं आता झोपेत येतात, कारण झोप येत नाही.

आणि वाडीकरांनो, तुम्हीही ऐका. दुसऱ्या दिवशी मी आवाजावरून नाव घेतलं तेव्हा तुम्ही सगळे काय म्हणालात? "जावंदे रे, आपलोच झील तो." आपलाच आहे म्हणूनच सांगतोय! परका असता तर तुम्हीच काठ्या घेऊन धावला असता. त्याची आई सकाळी दोन नारळ घेऊन पडवीत येऊन बसली, काही बोलली नाही, डोळे पुसत गेली. ते नारळ मी परत पाठवले नाहीत, तिचा काय दोष. पण तो स्वतः अजून आलेला नाही. समोरून येताना मला बघितलं की पाणंदीत वळतो. रात्री माझ्या दारावर बार काढायला ज्याला भीती वाटली नाही, त्याला दिवसा माझ्या दारात यायची भीती वाटते.

ये की रे. बेड्यातून ये, ते उघडंच असतं. पावसाआधी पत्र्याची तीन भोकं डांबर घालून बुजवायची आहेत, मला आता शिडीवर चढवत नाही. टाकीही बघायची आहे. आणि तो सहावा छर्रा शोध, तुझा आहे.