प्रीसेट दे ना भो!

पुन्हा तेच. माझ्याकडून लग्नाची फोटोग्राफी शिकणाऱ्या पोराचा रात्री साडेअकराला मेसेज: ‘भो, तुझं प्रीसेट दे ना.’ प्रीसेट म्हणजे एका क्लिकमध्ये फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंग. अरे, भरताची चव वांग्यात असते, वरून टाकलेल्या मसाल्यात नाही, हे खान्देशातल्या पोराला मी सांगायचं?

मे महिन्यात यावलकडच्या एका हळदीला याला शिकायला सोबत नेलं. दुपारचे बारा, वर पिवळा मंडप. नवरी हळदीने पिवळी, कापडातून गाळून येणारा उजेडही पिवळा. म्हटलं, तिला चार पावलं बाहेर, त्या पांढऱ्या भिंतीच्या ओसरीत, सावलीत घे. तर हा म्हणे, ‘राहू दे, नंतर कॉम्प्युटरवर लाइटरूममध्ये एडिट करू.’ वरून फोटो जेपेगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारायला फारसा वावच नाही! घरी येऊन बघतो तर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं. आता बस घासत.

पैशाचं तर विचारूच नका. दोन लाखांचा कॅमेरा हप्त्यावर, आणि दोन दिवसांचं लग्न बारा हजारांत, अल्बमसकट! अल्बमचा खर्च वजा कर, पेट्रोल वजा कर, राहिलं काय ते सांग, म्हटलं. ‘भो, आधी नाव होऊ दे.’ झालंय की नाव. स्वस्तवाला म्हणून.

आज सकाळी परत मेसेज. वाटलं, हिशेब मांडला असेल.

‘भो, लेन्स कोणती घेऊ?’