महिन्यामहिन्याची आणीबाणी

करोनाकाळात अमेरिकेतल्या शहरांनी आणीबाणी कधी जाहीर केली, हे पुष्कळांना आठवते. ती पुढे किती वेळा वाढवली गेली, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. माझ्या मते शहराच्या कारभाराची खरी परीक्षा त्या मुदतवाढींत झाली, आणि लॉस एंजेलिससारखे शहर तीत अर्धेच उत्तीर्ण झाले.

तेथील तत्कालीन महापौर एरिक गार्सेटी यांनी ४ मार्च २०२० रोजी स्थानिक आणीबाणी जाहीर केली आणि ती संपली १ फेब्रुवारी २०२३ रोजी. एवढा काळ ती आपोआप चालत राहिली नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याने जाहीर केलेली स्थानिक आणीबाणी सात दिवसांत लोकनियुक्त सभागृहाने मान्य करावी लागते आणि पुढेही तिची गरज उरली आहे का, हे किमान साठ दिवसांतून एकदा तपासावे लागते. न्यूयॉर्क राज्याचा नियम याहून कडक आहे. तेथे स्थानिक आणीबाणीतला आदेश पाच दिवसच टिकतो, त्यामुळे न्यूयॉर्क शहरात त्याच आदेशांना पुन्हा पुन्हा मुदतवाढ देणारी पत्रके निघत राहिली. (पाच दिवसांची अट घालणाऱ्यांच्या मनात हे दृश्य नक्कीच नसणार.)

या तरतुदींमागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. असाधारण अधिकार हाती ठेवायचे असतील, तर ठरावीक काळाने कोणीतरी उभे राहून त्याचे कारण सांगितले पाहिजे. २०२० मध्ये कारण सांगण्याची गरजच नव्हती, आणि २०२१ च्या जानेवारीत रुग्णालयांत जागा उरली नव्हती तेव्हाही नव्हती. प्रश्न त्यानंतरचा आहे.

लॉस एंजेलिसमध्ये भाडेकरूंचे संरक्षण या घोषणेला बांधलेले होते. करोनामुळे भाडे थकलेल्यांना घराबाहेर काढता येत नव्हते, आणि भाडेनियंत्रणाखालच्या घरांचे, म्हणजे मुख्यतः १९७८ च्या ऑक्टोबरपूर्वी बांधलेल्या इमारतींमधल्या सहा लाखांहून अधिक घरांचे, भाडे आणीबाणी संपल्यानंतरही एक वर्ष वाढवता येणार नव्हते. हॉटेलांनी रस्त्यावर आणि वाहनतळावर मांडलेल्या टेबलांची परवानगीही आणीबाणीतलीच. परिणामी २०२२ उजाडले तेव्हा दर महिन्याच्या मुदतवाढीवर हात वर करणारा सिटी कौन्सिलचा, म्हणजे शहराच्या लोकनियुक्त सभागृहाचा, सदस्य साथीविषयी मत देत होता की घरभाड्याविषयी, हे त्यालाही नेमके सांगता आले नसते. भाडेकरूला पुढच्या महिन्याची खात्री नव्हती, आणि दोन-चार खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या लहान घरमालकाला आपले उत्पन्न कधी वाढेल, याचा अंदाज नव्हता. मोठ्या मालक कंपन्यांची मला चिंता वाटत नाही. त्यांच्याकडे वकील असतात.

आणीबाणी वाढवली नसती तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, हा युक्तिवाद मी खोटा मानत नाही. किंबहुना माझी तक्रार तेथूनच सुरू होते. एखादी गोष्ट इतकी महत्त्वाची असेल, तर तिला दर महिन्याला नव्याने मंजूर होणाऱ्या ठरावाच्या आधारावर का उभे करायचे? तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, त्यावर उघड चर्चा व्हावी, घरमालकांनी विरोध करायचा तर समोर येऊन करावा. मुदतवाढीच्या ठरावातही कोणता आदेश अजून हवा आणि कोणता आता काढून टाकला, हे प्रत्येक वेळी वेगवेगळे नोंदवायला हवे. सगळ्यासाठी एकच ‘मंजूर’ पुरेसे नाही.

हे अशक्य होते, असे म्हणता येत नाही. सिटी कौन्सिलने आणीबाणी संपवायचे ठरवल्यावर, २०२३ च्या जानेवारीतच, योग्य कारणाशिवाय भाडेकरूला काढण्यास मनाई करणारा कायमस्वरूपी नियम मंजूर केला. बाहेरच्या टेबलांसाठीही त्याच वर्षी कायमची तरतूद झाली. मुदत संपत आल्यावर जे जमले, ते २०२१ मध्ये का जमले नसते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.