डाग म्हणजे रॉकेल नव्हे
‘जमिनीवर डबक्यासारखे जळके डाग दिसले की रॉकेल ओतलंय असं समजावं’ हे आगीच्या तपासावरच्या लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. बंद खोलीत छताखालचा धूर ५००-६०० अंशांवर गेला की खालचं सामान जवळजवळ एकदम पेटतं. हा फ्लॅशओव्हर. त्यानंतर असे डाग रॉकेलशिवायही पडतात. अमेरिकेत जॅक्सनव्हिलला एक घर जळालं आणि एकावर आग लावल्याचा आरोप आला. १९९१ मध्ये तपासनिसांनी शेजारचं तसंच घर मुद्दाम पेटवलं, तर पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर! आरोपी सुटला.

गिरगावात आमच्या चाळीतली एक खोली जळाली, तेव्हा अख्खा मजला शेजारच्या भाडेकरूकडे बोट दाखवत होता. निघाली फ्रिजमागची वायर. तोवर त्या बिचाऱ्याशी कोणी बोलत नव्हतं, आमची आईसुद्धा.